फुटामागे एक सूत

आमच्या घरात सरसाचं भांडं आणि आमटीचं पातेलं यांचं कधीच पटलं नाही. स्टोव्ह एक, तोही वातींचा, आणि रविवारी सकाळी त्यावर आधी काय चढणार यावरून आई आणि अण्णांची जी बोलाचाली व्हायची ती ऐकतच मी जागी व्हायचे. सरस म्हणजे सुताराचा डिंक, हाडाचामड्याचा. आदल्या दिवशी पाण्यात भिजत घालायचा आणि सकाळी मंद आचेवर विरघळवायचा. विरघळताना त्याला जो वास सुटतो तो ज्यानं घेतलाय त्यालाच ठाऊक. आईचं म्हणणं, अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे, दिवस असताना, सोललेल्या दाण्यांची आमटी उकळत असताना, घरात दुसरा कसला वास येणं म्हणजे अन्नाचा अपमान. अण्णांचं म्हणणं, आमटी पुन्हा गरम करता येते, सरस करपला की फेकावाच लागतो. शेवटी आई पदर नाकाला लावून मागच्या दारी जाऊन बसायची आणि तिथून बोलत राहायची. बंगळूरच्या कॉटनपेटेतल्या आमच्या गल्लीला आमच्या घरातलं सगळं माहीत असायचं ते तिच्या त्या आवाजामुळं.

अण्णा म्हणजे माझे वडील. एका मोठ्या सरकारी कारखान्यात ते पॅटर्नमेकर होते. यंत्राचा भाग लोखंडात ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करावा लागतो, वाळूत दाबून त्याचा साचा घेतात, आणि साच्यात लोखंडाचा रस ओततात. ते लाकडाचं काम अण्णांचं. घरी मात्र, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी, ते बंदुकांच्या पेट्या करायचे. हौशी नेमबाजांच्या रायफली आणि पिस्तुलं ठेवायच्या पेट्या. कारखान्यातल्याच एका साहेबाला नेमबाजीचा नाद होता आणि तो आपली रायफल चादरीत गुंडाळून न्यायचा. अण्णांना ते बघवेना. त्यांनी सागवानाची एक पेटी करून दिली, आत हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, लावून, रायफलीच्या आकाराची खोबण कोरून. ती पेटी नेमबाजांच्या क्लबात दहा जणांनी बघितली आणि झालं, आमच्या पडवीत फळ्या येऊन पडायला लागल्या. सकाळपासून रंध्याची सुर्र सुर्र, मधेच पटाशीवर मोगरीचे ठोके, आणि आईच्या पिठाच्या डब्यात, झाकण कितीही घट्ट लावा, बारीक भुसा. आम्ही सागवान बरंच खाल्लं असणार.

पेट्या करायचे अण्णा, विकायचे मी. अण्णांचं इंग्रजी 'येस सर' आणि 'टुमारो सर' एवढ्यावर संपायचं, आणि क्लबातली मंडळी इंग्रजीशिवाय दुसरं काही बोलायला नाखूष. मी तेव्हा कॉलेजात होते आणि तोंडाची तिखट होते. क्लबाचं मैदान हेब्बाळच्या तळ्यापलीकडं, निलगिरीच्या झाडांत. बसमधून उतरून अर्धा तास चालायचं, अण्णांच्या खांद्यावर पोत्यात गुंडाळलेली पेटी आणि माझ्या हातात जेवणाचा डबा. मी उभ्या जन्मात बंदूक उडवली नव्हती, पण सागवानाला वाळवी का लागत नाही, बिजागऱ्या पितळीच का हव्यात, असं मी घडाघडा बोलायचे. त्यातून गिऱ्हाईक डळमळीत दिसलं तर म्हणायचे, साहेब, झाकण लावून बघा. अण्णांच्या पेटीचं झाकण सोडलं की आपटायचं नाही. आतली हवा कडेकडेनं बाहेर पडायची, झाकण सावकाश खाली यायचं, आणि शेवटी 'हुश्श' असा बारीक आवाज व्हायचा. चांगले मिशावाले लोक पाच-पाच वेळा ते झाकण उघडून मिटून बघायचे. त्यानंतर मला बोलायची गरजच नसायची.

आज मी त्याच हेब्बाळला अकराव्या मजल्यावर राहते. निलगिरी गेली, मैदान गेलं, तळं तेवढं उरलंय. नातू म्हणतो, आजी, तू खरंच इथं चालत यायचीस? हो बाबा, आणि तुझ्या लिफ्टपेक्षा लवकर पोचायचे.

आता पट्टीचं सांगायला हवं, कारण हे सगळं लिहायला बसले ती पट्टीपायीच. अण्णांकडं मोजायच्या दोन पट्ट्या होत्या. एक लाकडी घडीची, पिवळी, दोन फुटांची. तिचा एक सांधा ढिला होऊन त्यावर अण्णांनी दोरा गुंडाळला होता आणि सुरुवातीचे आकडे बोटांनी पुसून गेले होते. घरचं सगळं काम तिच्यावर. दुसरी पोलादी, तीही दोन फुटांची, लखलखीत, खाकी कापडाच्या पिशवीत ठेवलेली. ती त्यांना त्यांच्या थोरल्या मेस्त्रींनी निवृत्त होताना दिली होती. लोखंडाचा रस थंड झाला की आकसतो, म्हणून लाकडाचा नमुना थोडा मोठाच करावा लागतो. दर वेळी हिशेब कोण करत बसणार, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मोठी असते. तिच्यावर बारा इंच लिहिलेले असतात, पण तो फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नुसतं बघून कुणाच्या बापाला कळणार नाही. अण्णा ती कारखान्यात न्यायचे आणि परत आणायचे, आणि घरच्या कामाला तिला हात लावायचा नाही हा आमच्या घरातला नियम होता. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं असं म्हणून मी मोकळी झाले असते, पण नाही. शंभरदा सांगितलं होतं. मी ऐकत नव्हते.

कामाची त्यांची आणखी एक पद्धत होती. माप दुसऱ्यानं घेतलं असेल तर फळीवर रेघ मारण्याआधी ते एकच प्रश्न विचारायचे, "कुठल्या पट्टीनं?" कारखान्यात हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी लाकडाला करवत लावत नसे. घरी त्याची काही गरज नव्हती, पण सवय ती सवय. आई पडद्याचं माप सांगायला आली तरी विचारायचे, कुठल्या पट्टीनं. आई म्हणायची, माझ्या हातानं, आणि हात मला देवानं एकाच मापाचे दिलेत.

त्या वर्षी क्लबात एक नवीन बाई यायला लागल्या. मुत्तम्मा. कोडगूच्या, म्हणजे कूर्गच्या, कॉफीच्या मळेवाल्या, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, बोलणं तुटक. नवरा आदल्या पावसाळ्यात गेला. त्याची पॉइंट टू-टूची रायफल घेऊन त्या बंगळूरला बहिणीकडं आल्या होत्या आणि दर रविवारी एकट्या येऊन नेम धरायच्या. कुणाशी फार बोलायच्या नाहीत. एकदा त्या अण्णांपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, माझ्याकडं लाकूड आहे. ज्या वाऱ्यापावसात नवरा आजारी पडला त्याच पावसात त्यांच्या अंगणातला फणस उन्मळून पडला होता. सासऱ्यांनी लावलेला. खोड आतून किड्यांनी खाल्लेलं, त्यातून दोन धड फळ्या निघाल्या. फक्त दोन. त्यांतून त्या रायफलीची पेटी करायची. अण्णांनी फळ्यांवरून हात फिरवला, वास घेतला, आणि "सरी" म्हणाले, म्हणजे बरं. फणसाचं लाकूड नवं असताना हळदीसारखं पिवळं असतं. अण्णा ते घरी आल्यावरसुद्धा पुन्हा पुन्हा हात लावून बघत होते.

माप घ्यायचा रविवार आला आणि अण्णांचा गुडघा सुजला. शारू, तू जाऊन घेऊन ये, म्हणाले, लांबी तेवढी दोनदा माप, घडीची पट्टी फळीवर आहे. मी फळीपाशी गेले. ती दोरा गुंडाळलेली पट्टी हातात घेतली आणि मला कर्नलसाहेब आठवले. हे क्लबातले सगळ्यात मोठ्यानं बोलणारे गृहस्थ. मागच्या खेपेला त्या पट्टीकडं बघून त्यांनी विचारलं होतं, ही टिपू सुलतानाच्या वेळची का, आणि सगळे हसले होते. अण्णाही हसले होते. मला मात्र झोंबलं होतं. मी घडीची पट्टी होती तिथं ठेवली आणि खाकी पिशवीतली पोलादी पट्टी उचलली.

मैदानावर मी ती पिशवीतून अशी काढली की काय सांगू. कर्नलसाहेबांनी मान वाकवून बघितली, आणि माझं काळीज सुपाएवढं झालं. मुत्तम्मांनी रायफल रिकामी करून टेबलावर आडवी ठेवली. मी दोन फूट मोजले, पेन्सिलीची खूण केली, पुढं मोजलं. बेचाळीस इंच साडेचार सूत. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेच आलं. वहीत लिहिलं, दोन रेघा ओढल्या, आणि घरी येऊन अण्णा झोपलेत तोवर पट्टी गुपचूप पिशवीत घातली.

संध्याकाळी अण्णांनी वही बघितली. "कुठल्या पट्टीनं?"

"घडीच्या."

एवढंच. ओरडा नको म्हणून. मला वाटलं, पट्टी ती पट्टी, इंच ते इंच, दोनदा मोजलंय. अण्णांनी मान हलवली आणि फळी ओढून घेतली.

ती पेटी त्यांनी सहा रविवार केली. कडांचे सांधे असे की नखसुद्धा शिरू नये. लाखेचं पॉलिश कापसाच्या बोळ्यानं हातावर हात देऊन. बनात आईनं चिकटवली, कारण कापडाला सुरकुती येऊ न देणं हे फक्त तिलाच जमायचं, आणि त्या दिवशी ती सरसाच्या वासाबद्दल चकार शब्द बोलली नाही. झाकण 'हुश्श' करून मिटलं तेव्हा तिनंच दोनदा उघडून मिटलं. ती म्हणाली, त्या बाईला बरं वाटेल. अण्णांनी कधी नव्हे ती इस्त्रीची पँट घातली त्या रविवारी.

मैदानावर सगळे जमले. मुत्तम्मांनी पेटीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. मग रायफल आणली. नळीचं टोक खोबणीत नीट बसलं, मधला भाग बसला, आणि दस्ता कडेवर टेकून राहिला. त्यांनी पुन्हा उचलून ठेवली. पुन्हा तेच. बोटाएवढंही नाही, जरासंच, पण लाकूड काही सरकत नाही. कर्नलसाहेब वाकून बघत म्हणाले, रविवारच्या फावल्या वेळात केलेलं काम असंच असायचं. कुणीतरी हसलं. अण्णांनी दस्ता आणि कड यांच्यामध्ये अंगठ्याचं नख धरलं. साडेतीन सूत. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. एकदाच. आणि मुत्तम्मांकडं वळून हात जोडले.

"नन्नदे तप्पु, अम्मा," ते म्हणाले. माझीच चूक.

मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. एरवी ज्या तोंडानं मी अर्धा तास सागवानाचं गुणगान करायचे ते तोंड त्या दिवशी उघडलं नाही. इतक्या वर्षांनी हे लिहिताना कान गरम होतात. कर्नलसाहेबांनी आपली पेटी सांगून ठेवली होती, ते म्हणाले, माझं सध्या राहू दे. आणखी दोघं तसंच काहीसं पुटपुटले. ज्या माणसाच्या मापाला कारखान्यात कुणी दुसऱ्यांदा तपासत नसे, त्या माणसाला माप येत नाही असं त्या मैदानावर ठरलं, आणि ते मी ठरू दिलं. पेटी परत पोत्यात गुंडाळली आणि आम्ही बसच्या रस्त्याला लागलो. डबा तसाच घरी आला. आईनं डबा उघडून बघितला आणि आतलं पुन्हा गरम करायला ठेवलं.

तीन दिवस अण्णा माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होते, कॉलेजला उशीर होतोय, छत्री ने, असं. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं. बुधवारी संध्याकाळी ते पडवीत ती पेटी मांडीवर घेऊन नुसते बसले होते आणि मी जाऊन समोर उभी राहिले. म्हटलं, अण्णा, मी पोलादी पट्टी नेली होती.

"माहीत आहे," ते म्हणाले. "रायफल त्रेचाळीस इंच. त्या पट्टीचा इंच मोठा, म्हणून आकडा लहान येतो. फुटामागे एक सूत धर, साडेतीन येतात. दुसऱ्या कशानं साडेतीन येत नाहीत."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "पट्टी नेलीस ते काही नाही, शारू. मीही तुझ्या वयात नेली असती. पण मी विचारलं होतं. मी विचारल्यावर तू जे सांगशील त्याच्यावरच मी करवत चालवतो. माझ्याजवळ दुसरं काही नाही."

त्या माणसाचं मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर ते हेच. अजूनही लागतं.

लाकूड कमी पडलं तर ते ओढून लांब करता येत नाही, आणि फणसाची तिसरी फळी नव्हती. अण्णांनी ठरवलं, दस्त्याच्या बाजूनं पेटी आडवी कापायची आणि मधे दुसऱ्या लाकडाचा पट्टा घालून पुन्हा जोडायची. पट्टा साडेतीन नाही, चार सुतांचा, कारण कापताना करवत अर्धं सूत खाते. लाकूड जुनं, मुरलेलं, न आकसणारं हवं. आई आत गेली आणि जेवायला बसायचा आपला पाट घेऊन आली. तिच्या माहेरचा, शिसवी. यातलं घ्या, म्हणाली, मी जमिनीवर बसते. अण्णा नको म्हणाले तर म्हणाली, त्या बाईचं झाड गेलं, नवरा गेला, माझा पाट गेला तर मला काय होतंय. अण्णांनी महिन्याभरात तिला नवा पाट करून दिला. जुना जास्त बरा होता असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली.

तो पट्टा मी घासला, पॉलिशही मीच केलं. पिवळ्या फणसात काळा शिसवी पट्टा, झाकणापासून तळापर्यंत सगळीकडून एका रेषेत. झाकण टाकलं. 'हुश्श' झालं. अण्णा म्हणाले, चल.

मैदानावर या वेळी रायफल बसली. दस्ता खोबणीत असा उतरला की बनातीनं त्याला धरलं. मी अण्णांच्या पुढं झाले. ते दंडाला धरून मागं ओढत होते, राहू दे म्हणत होते, पण मी त्या टेबलापाशी, कर्नलसाहेबांसकट सगळ्यांच्या समोर, इंग्रजीत सांगितलं. माप मी घेतलं होतं, चुकीच्या पट्टीनं, आणि वडिलांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. चूक त्यांची नव्हती. मग तेच कन्नडमध्ये सांगितलं, म्हणजे अण्णांना कळावं की मी नेमकं काय बोलले.

मुत्तम्मा त्या काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवत होत्या. "मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "ज्याची चूक असते तो पेटीकडं बघतो. तुझ्या वडिलांनी तुझ्याकडं बघितलं."

हा पट्टा कसला, असं त्यांनी विचारलं. मी आईच्या पाटाचं सांगितलं. पुढच्या खेपेला त्या मळ्यावरून आल्या तेव्हा आईसाठी मधाची बरणी आणि मिरीची पुरचुंडी पाठवली, आणि मग दर वर्षी पाठवत राहिल्या. तो पट्टा बघून आणखी दोघातिघांनी, आमच्या पेटीलाही तसाच घाला, असं सांगितलं. अण्णांनी साफ नाही म्हटलं. ते ठिगळ आहे, नक्षी नव्हे, म्हणाले.

कर्नलसाहेब त्या दिवशी घसा खाकरत बराच वेळ इकडंतिकडं करत होते. निघताना त्यांनी आपलं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाले, घे माप. मी अण्णांकडं बघितलं. त्यांचा गुडघा आता ठीक होता, ते स्वतः दोन पावलांवर उभे होते. ते वळून निलगिरीकडं बघत राहिले. मी पिशवीतून दोरा गुंडाळलेली पट्टी काढली, उलगडली आणि मोजलं. टिपू सुलतानाचं नाव या वेळी कुणी काढलं नाही.

आता माझी बोटं दुखतात, पण वर्षाला दोनतीन पेट्या अजून करते. व्हाइटफील्डच्या कंपन्यांतली मुलं शनिवारी नेमबाजी करतात. त्यांना काळ्या प्लॅस्टिकच्या पेट्यांचा कंटाळा आला की कुणीतरी माझा नंबर देतं. फोनवर फोटो येतो, माप येतं. मी विचारते, कुठल्या पट्टीनं? आंटी, टेपनं, म्हणतात आणि हसतात. मी त्यांना एकदा बोलावून समोर मोजून घेते. त्यांच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. मी कोण होते ते मला माहीत आहे म्हणून.

कर्नलसाहेबांच्या पिस्तुलाचं माप घेतलं त्या रविवारी घरी पोचलो तेव्हा आईनं ताटं मांडली होती आणि ती जमिनीवर बसून आमची वाट बघत होती. अण्णा जेवायला न बसता आधी पडवीत गेले. पिस्तुलाच्या पेटीसाठी सागवानाची एक फळी त्यांनी कामाच्या बाकावर घेतली आणि हात पुढं केला. मी वही दिली. त्यांनी आकडे वाचले.

"कुठल्या पट्टीनं?" अण्णांनी विचारलं. आवाज नेहमीचाच, आई पडद्याचं माप सांगायला यायची तेव्हाचा.

"घडीच्या," मी म्हटलं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कानावरची पेन्सिल काढली आणि फळीवर रेघ मारली.